पक्षाघातानंतरचे पुनर्वसन आणि आभासी वास्तव

पक्षाघाताने लुळा पडलेला हात किंवा पाय, गेलेला तोल आणि विस्कटलेले लक्ष सावरण्यासाठी संगणकाने उभ्या केलेल्या दृश्यात रुग्णाकडून व्यायाम करून घेण्याची पद्धत. कधी डोळ्यांवर हेडसेट चढवतात, तर कधी रुग्णाला नुसते टीव्हीसमोर बसवतात आणि कॅमेरा किंवा हातातले यंत्र त्याची हालचाल टिपते. हेडसेटमध्ये माणूस दृश्याच्या आत असतो, टीव्हीसमोर तो बाहेरून पाहतो. शास्त्रीय लेखनात मात्र दोन्हींची गणना बहुधा एकाच नावाखाली होते. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारे) नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ही पद्धत वापरतात.

पक्षाघातात मेंदूचा जो भाग मरतो तो परत जिवंत होत नाही, पण शेजारचे भाग सरावाने त्याचे काही काम उचलू शकतात. त्यासाठी तीच हालचाल पुन:पुन्हा करावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत असा बदल दिसायला एका दिवसात शेकडो वेळा हालचाल करून घेतली जाते. उलट उत्तर अमेरिकेतील केंद्रांचे निरीक्षण करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाताच्या उपयोगी हालचालींची आवर्तने एका सत्रात सरासरी ३२ भरली. हे अंतर भरून काढणे हे आभासी वास्तवाचे खरे काम आहे. दृश्य किती हुबेहूब आहे याचे कौतुक विक्रेते जास्त करतात. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की लाकडी खुंटी उचलून ठेवायला सांगितल्यावर दहाव्या वेळी कंटाळणारा माणूस खेळात तोच हात पन्नास वेळा पुढे करतो.

सत्र साधारण असे चालते. रुग्णाला हात टेकायचे दांडे नसलेल्या, न फिरणाऱ्या खुर्चीत बसवतात, दोन्ही पावले जमिनीला टेकलेली. हेडसेट चढल्यावर समोर फळी दिसते, फळीवर बरण्या. हात लांब करून एकेक बरणी खाली आणायची. खांदा उचलत नसेल तर माणूस नकळत कंबरेतून पुढे झुकतो आणि बरणीपर्यंत पोचतो. यंत्र गुण देऊन मोकळे होते. खेळ फसतो, फिजिओ फसत नाही. ‘काका, वाकू नका, कोपर सरळ करा,’ असे म्हणत फिजिओ त्याची छाती खुर्चीच्या पाठीला पट्ट्याने बांधतात, बरणी थोडी जवळ आणतात आणि आकडा पुन्हा शून्यावरून सुरू करतात. पक्षाघातानंतर काहींच्या खांद्याचा सांधा सैल पडून निखळण्याच्या बेतात असतो, म्हणून अशा रुग्णाचा हात कोणी ओढून वर करायचा नसतो, खेळाच्या भरात तर नाहीच.

दुसरा उपयोग लक्षाचा आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना डोळे शाबूत असूनही डावीकडचे जग जाणवत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाराची चौकट डाव्या खांद्याला लागते. अशा माणसाला ठाण्याचा वर्दळीचा घोडबंदर रस्ता ओलांडायचा सराव खऱ्या रस्त्यावर देता येणार नाही. आभासी रस्त्यावर डावीकडून आलेली बस चुकली तर काही बिघडत नाही, फेरी पुन्हा सुरू करता येते. मात्र तयार मिळणारे बहुतेक खेळ परदेशी चालीचे, म्हणजे टेनिस, बोलिंग, सुपरमार्केटच्या मांडण्या. जांभळी नाक्याच्या मंडईत पिशवी सांभाळत चालणे किंवा लोकलच्या डब्यातला दांडा धरून उभे राहणे हा ठाणेकराचा रोजचा व्यायाम त्यांत सापडत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण सराव जितका प्रत्यक्ष कामाच्या जवळचा, तितका तो कामाला येतो.

या पद्धतीचे वारे घरगुती खेळयंत्रांमुळे वाढले. निन्टेन्डो वी २००६ मध्ये बाजारात आले, मायक्रोसॉफ्टचे कॅमेऱ्याने हालचाल टिपणारे कायनेक्ट २०१० मध्ये. कायनेक्टला हातात काहीच धरावे लागत नसल्याने मूठ न वळणाऱ्यांची सोय झाली, पण २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि त्यावर बेतलेल्या प्रणाली अडचणीत आल्या. २०१९ पासून संगणकाला न जोडता चालणारे ऑक्युलस क्वेस्ट हे हेडसेट मिळू लागले.

पुराव्याची बाजू उत्साहाला लगाम घालणारी आहे. २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत चार देशांतले १४१ रुग्ण होते. निम्म्यांनी वीवर व्यायाम केला, उरलेल्यांनी पत्ते, बिंगो असे साधे खेळ खेळले. दोन्ही गटांच्या हाताच्या सुधारणेत फरक पडला नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. नेहमीच्या उपचाराऐवजी आभासी वास्तव दिले तर हाताला जास्त फायदा दिसला नाही. नेहमीच्या उपचारात भर म्हणून, म्हणजे एकूण वेळ वाढवून दिले तर दिसला. तेव्हा ‘मशीन आहे, आता फिजिओ कशाला’ असा हिशेब करणाऱ्याने हाच आढावा वाचावा.

ठाणे आणि नवी मुंबईत हा वेळ कसा वाढवायचा हाच पेच आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचे, तर नेरुळ आणि कामोठे येथे वैद्यकीय शिक्षणाबरोबर फिजिओथेरपीची महाविद्यालयेही आहेत. माणसे आणि शिक्षण दोन्ही हाताशी आहे. अडते ते पोचण्यात. दिव्याहून किंवा घणसोलीहून आठवड्यातून तीन वेळा यायचे म्हणजे रिक्षा आली, सोबतीला घरातल्या एकाची रजा आली. वाशी-नेरुळमध्ये सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) बांधलेल्या बऱ्याच जुन्या, कमी उंचीच्या इमारतींना लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या रुग्णाला खाली आणायलाच दोघे लागतात. अशा घरी हेडसेट देऊन, फिजिओने फोनवरून लक्ष ठेवून रोजचा सराव करून घेणे शक्य असते. वन रूम किचनमध्ये उभ्याने खेळायला जागा नसते, म्हणून बसूनच करायचे खेळ निवडतात. हेडसेटची किंमत कित्येक हजार रुपयांच्या घरात जाते, त्यामुळे विकत घेण्यापेक्षा केंद्राने फिरता ठेवणे शहाणपणाचे.

फिट येण्याचा इतिहास, तीव्र चक्कर, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा गोंधळलेली मन:स्थिती असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट चढवत नाहीत. नव्या माणसाला मळमळू शकते, म्हणून सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करतात. उभ्याने करताना कंबरेला पट्टा आणि शेजारी माणूस हवाच, कारण डोळे झाकलेल्या माणसाला जमीन दिसत नाही. वाचा गेलेल्या रुग्णाला पडद्यावरच्या इंग्रजी सूचना निरुपयोगी. हाताला धरून एकदा करून दाखवले की कळते. आपल्या दमट हवेत चेहऱ्यावरची गादी घामाने भिजते, ती प्रत्येक रुग्णानंतर पुसावी किंवा बदलावी लागते.

प्रगती खेळातल्या गुणांवर मोजत नाहीत, कारण खेळ अंगवळणी पडला की गुण आपोआप वाढतात. हातासाठी हालचाली तपासून गुण देणारी, एकूण ६६ गुणांची फ्युगल-मायर मोजणी वापरतात, किंवा मिनिटभरात किती लाकडी ठोकळे एका खणातून दुसऱ्या खणात टाकता येतात हे पाहतात. घरी त्या हाताने प्रत्यक्ष काय होते याची प्रश्नावलीही असते. दिव्याचे बटण दाबणे, फ्रिज उघडणे हे प्रश्न इथेही चालतात; काटा-चमच्याने खाण्याच्या प्रश्नाऐवजी मात्र इथे भाताचा घास कालवून तोंडापर्यंत नेता येतो का, असे विचारावे लागते.