आठ दिवस कोंडून गर्द सुटत नाही

‘खोलीत आठ दिवस कोंडा, गर्द सुटतो’ हा समज अजूनही घट्ट आहे. तो जिवावर बेततो. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन; ते थांबल्यावर साधारण ८ ते १२ तासांत नाक-डोळे गळणं, अंग मोडून येणं, मग जुलाब सुरू होतात; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाल सर्वांत जास्त, आठवड्याभरात उतार. पण तलफ महिनोन्‌महिने राहते आणि शरीराची सहनशक्ती मात्र घटलेली असते. अशात जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो, मग ती सुईतून असो वा पन्नीवर ओढलेली. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वासाला घरघर दिसली की लगेच १०८ला फोन करा, कुशीवर वळवा. श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या. मीठ-पाणी, दूध अजिबात पाजू नका. खरा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालचं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही तलफ आवरणारी औषधं, तीही बरेच महिने.