बँकांच्या जुन्या प्रणाली आणि दोन आकड्यांचे वर्ष

बँकांच्या जुन्या संगणकप्रणालींचा विषय निघाला की खापर फुटते ते कोबोल या प्रोग्राम लिहायच्या भाषेवर. १९५९ मध्ये आखणी सुरू झालेली ही भाषा व्यवहारी हिशोबासाठीच घडवली होती, आणि तिचे दशांश गणित आजही चोख आहे. साठच्या दशकात बँकांत मेनफ्रेम, म्हणजे मोठे मध्यवर्ती संगणक, आले. दिवसभराच्या नोंदी साठवून रात्री एकगठ्ठा खातेवहीत चढवायची पद्धत रुळली, आणि पुढे एटीएम, नेटबँकिंग आले तेही बहुतेक ठिकाणी याच रात्रीच्या हिशोबावर चढवले गेले.

खरा गुंता झाला २००० सालाच्या तोंडावर. साठवणजागा महाग असल्याने वर्षाचे दोनच आकडे लिहायची सवय होती. ९९ म्हणजे १९९९. मग ०० म्हणजे काय? तारखेचा रकाना सहाऐवजी आठ आकड्यांचा करणे हा पक्का उपाय. पण एक रकाना रुंदावला की फाइलमधला त्यापुढचा प्रत्येक रकाना दोन घरे सरकतो, आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम बदलावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे विंडोइंग. रकाना तसाच ठेवायचा आणि प्रोग्रामला सांगायचे, ५० च्या आतला आकडा आला तर २००० नंतरचे वर्ष धर, नाहीतर १९०० नंतरचे. मुदत टळणारी नव्हती, म्हणून अनेकांनी हाच धरला. ही सीमा कुठे ३०, कुठे ५०. जिथे ती ५० वर राहिली, तिथे २०५२ ला संपणाऱ्या कर्जाची मुदत १९५२ लाच संपलेली दिसते.

त्या वेळच्या तंत्रज्ञांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी दिलेल्या वेळेत काम तडीस नेले. चूक नंतरची. डागडुजी तात्पुरती होती हेच विसरले गेले. जाणती माणसे निवृत्त झाली, प्रोग्राममधल्या ‘५० च्या आत’सारख्या अटी तशाच राहिल्या. आणि खातेवही जुनीच ठेवून वर नवे ॲप चढवण्यालाही ‘आधुनिकीकरण’ म्हटले जाऊ लागले.

सगळे एकदम हलवण्याचा धोका एप्रिल २०१८ मध्ये दिसला. ब्रिटनमधील एका बँकेने एका शनिवार-रविवारात लाखो खाती नव्या प्रणालीवर नेली, आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना खाते पाहता येईना. म्हणून तुकड्यातुकड्याने जाणे मला योग्य वाटते. त्यात दोन्ही प्रणाली काही काळ सोबत चालवून रोजच्या शिलका ताडून पाहतात. फरक निघाला की जुना प्रोग्राम ओळीओळीने वाचावा लागतो, आणि त्यात अशाच कुणी न नोंदवलेल्या अटी हाती लागतात.