टायर : चाकाच्या पेहरावावरून आलेला शब्द

सायकलच्या दुकानापासून ट्रॅक्टरच्या शेडपर्यंत आपण ज्याला सहज टायर म्हणतो, तो शब्द रबरी टायर येण्यापूर्वी साडेतीनशे वर्षे इंग्रजीत रुळलेला होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ लाकडी चाकाच्या कडेवर बसवलेले लोखंड असा होता. ‘अटायर’ म्हणजे पेहराव. या शब्दाचे आखूड रूप म्हणजे टायर, असे बहुतेक कोशकार मानतात, आणि मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘सज्ज करणे, नीट मांडणे’ या अर्थाच्या क्रियापदात शोधतात. हा अर्थ ओढून-ताणून काढलेला नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ईजबेल राणी चेहरा रंगवून डोके सजवते, तेथे सजवण्यासाठी हेच क्रियापद आले आहे. ‘थकणे’ या अर्थाचे इंग्रजी टायर मात्र वेगळ्या, जुन्या इंग्रजी मुळाचे आहे.

आरंभी हा पेहराव अखंड नसे. लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्या कडेवर एकापुढे एक ठेवून खिळ्यांनी ठोकत. पुढे अखंड कडे आले. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावरील अशा कड्याला धाव म्हणतात, आणि ती चढवण्याची रीतही तीच आहे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, विस्तवात लाल करून फुगवतात, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि लागलीच पाणी ओततात. लाकूड धुमसते, वाफ उसळते, आणि आकसणारे लोखंड पुठ्ठे (घेराचे लाकडी तुकडे), आरे व तुंबा (चाकाचा मधला लाकडी गड्डा) यांचे सांधे करकचून आवळते. इंग्रजीने या वस्तूत वस्त्र पाहिले, तर मराठीतील नाव पळण्याच्या शब्दाशी जुळते. मला दोन्ही तितकीच नेमकी वाटतात.

रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. त्यात रबर चढवलेल्या कॅनव्हासच्या नळीवर चामड्याचे आवरण होते, म्हणजे पेहरावाचा मूळ अर्थ नकळत पुन्हा खरा ठरला. ती कल्पना मागे पडली. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तशीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून १८८८ मध्ये पेटंट मिळवले, परंतु थॉमसन यांचे काम आधीचे असल्याने ते पुढे रद्द ठरले. नाव मात्र डनलॉप यांचेच लोकांच्या तोंडी राहिले.

या शब्दाच्या इंग्रजी लेखनात कधी ‘आय’ तर कधी ‘वाय’ येतो. जुन्या काळी दोन्ही चालत. सतराव्या-अठराव्या शतकांत ‘आय’ स्थिरावला, आणि एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये ‘वाय’ परतला. १९११ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने हा ‘वाय’ चांगल्या जाणकारांना मान्य नसल्याचे नोंदवले होते. तरीही ब्रिटनमध्ये तोच रूढ झाला. अमेरिकेने ‘आय’ सोडला नाही. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात.