अ‍ॅपला मूल ‘कळतं’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या आठवड्यात सकाळच्या पेपरातून एका क्लासचं पत्रक पडलं. इथलाच, कोथरूडचा क्लास. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘आमचं एआय तुमच्या मुलाचा मेंदू ओळखतं!’ मेंदू वगैरे काही ओळखत नाही. पण अशा सॉफ्टवेअरमागची एक मूळ पद्धत इतकी देखणी आहे, की ती असल्या जाहिरातींखाली झाकली जाते याचंच मला वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉर्बेट आणि अँडरसन यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत मांडली: मुलाच्या उत्तरांवरून त्याला एखादी गोष्ट येते की नाही, याचा अंदाज बांधायचा. तिचा पाया आहे थॉमस बेझचा सिद्धांत, जो त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला. नवी माहिती हाती आली की आधीचा अंदाज किती बदलायचा, हे तो सांगतो.

समजा, पाचवीची 100 मुलं आहेत. अपूर्णांकांची बेरीज 40 जणांना येते, 60 जणांना येत नाही. प्रश्नाला चार पर्याय. येणाऱ्या 40 पैकी चौघं घाईत चुकतील, 36 बरोबर येतील. न येणारे 60 जण ठोकून देतील, तरी चारात एक या हिशेबाने 15 जणांचं उत्तर बरोबर येईल. एकूण बरोबर 51. त्यांत खरोखर येणारे 36, म्हणजे साधारण 71 टक्के. आता चुकलेले 49 पाहा. त्यांत येणारे फक्त 4, म्हणजे 8 टक्के. एका उत्तराने अंदाज 40 वरून 71 वर चढला किंवा 8 वर घसरला! पुढच्या प्रश्नाला हाच नवा आकडा सुरुवातीचा धरायचा. मधल्या काळात मूल शिकलं असेल, म्हणून न येण्याच्या उरलेल्या शक्यतेचा ठरावीक हिस्सा येण्याच्या बाजूला टाकायचा. आकडा, समजा, 95 च्या वर गेला की पुढचा धडा.

म्हणजे अ‍ॅपजवळ असतो तो अंदाज, आणि तो प्रत्येक उत्तरागणिक सुधारतो. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता सांगणारे याच्या नेमके उलट. ठसे जन्माआधीच पक्के होतात. मूल वर्षभर शिकलं तरी त्यांत रेघही बदलत नाही. ठशांवरून बुद्धिमत्ता सांगण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. पालकांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

या गणिताला एक गोष्ट मात्र दिसत नाही: मूल का चुकलं. शेजारची पाचवीतली मुलगी टॅबवर 1/2 + 1/3 सोडवत होती. तिने 2/5 निवडलं. लाल फुली आली आणि तसलाच दुसरा प्रश्न समोर आला. मी तिला विचारलं, हे कसं काढलंस?

“काका, पहिल्या डावात 2 चढायांत 1 गडी मारला, दुसऱ्या डावात 3 चढायांत 1. म्हणजे 5 चढायांत 2 झाले ना!”

कबड्डीचा तिचा हिशेब अगदी चोख होता. फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचा होता. अ‍ॅपच्या लेखी ती आणि डोळे मिटून बटण दाबून चुकलेला मुलगा सारखेच, दोघंही 8 टक्के.

मी म्हटलं, “ताटात अर्धी भाकरी आहे. आईने आणखी एक तृतीयांश वाढली. आता तुझ्या उत्तराप्रमाणे 5 तुकड्यांतले 2. अर्धीपेक्षा जास्त की कमी?”

तिने वहीत एक गोल काढला, त्याचे पाच भाग केले, दोन रंगवले. बराच वेळ बघत बसली.

“कमी कशी होईल?” म्हणाली आणि खोडरबर शोधू लागली.