चिमूटभर पापडखार

कच्ची लाटी खाल्ली नाही तर उन्हाळा आलाच नाही, असा आमच्या घरचा हिशोब होता. पंचवटीतल्या जुन्या घराच्या गच्चीवर एप्रिलात उडदाचे पापड व्हायचे. घट्ट भिजवलेलं पीठ तेलाचा हात लावून लावून कुटायचं, त्याच्या सुरळ्या वळायच्या आणि दोऱ्यानं टपाटप लाट्या कापायच्या. शेजारपाजारच्या बायका आपापली लाटणी घेऊन यायच्या आणि आम्ही पोरं वाटीतल्या तेलात लाटी बुडवून पळवायचो. आधी हिंग लागायचा, मग मिरी, आणि सगळ्यात शेवटी घशाकडे एक पुसटशी कडवट, साबणासारखी चव. ती पापडखाराची.

एका वर्षी आत्या तापानं झोपून होती आणि खाराचं पाणी करायचं काम माझ्याकडे आलं. आत्या चमचा सपाट घेते हे मला ठाऊक नव्हतं, मी शिगोशीग भरून घेतला. त्या वर्षीचे पापड विस्तवावर धरले की बघता बघता तांबडे व्हायचे आणि चवीला कडू लागायचे. पाहुण्यांपुढे ठेवायची सोय नव्हती, वर्षभर ते आम्हीच संपवले. पुढे कॉलेजात पीएच शिकवला तेव्हा मला सगळ्यात आधी ते पापड आठवले.

आपल्या स्वयंपाकघरात आंबटाचे किती लाड! लिंबू, चिंच, आमसूल, कैरी, ताक, दही, प्रत्येकाचा आंबटपणा वेगळा आणि कशात काय घालायचं याचे घरोघरी ठाम नियम. आंबटाच्या विरुद्ध टोकाला जे बसतं, त्याला मात्र आपण एवढंसं 'खार' म्हणून मोकळे होतो. त्यातही घोळ असा की खारट म्हणजे मिठाचं, आणि पापडखार म्हणजे मीठ नव्हेच. शास्त्राच्या पुस्तकात त्याला आम्लारी म्हणतात. तो शब्द मी परीक्षेनंतर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

आंबट किती आणि खार किती हे मोजायची पट्टी म्हणजे पीएच. ती 1909 साली सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं मांडली, आणि तो काम करत होता कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर गाळणाऱ्यांच्या पदरी. शुद्ध पाणी मध्यावर, 7 वर. लिंबाचा रस 2 च्या आसपास, दही साधारण साडेचारला. एकेक आकडा म्हणजे दहापटीचा फरक. 7 च्या वरच्या बाजूला मात्र निसर्गानं आपल्यासाठी जवळजवळ काहीच वाढून ठेवलेलं नाही. अंड्याचा पांढरा बलक थोडा शिळा झाला की 9 पर्यंत जातो, तेवढाच काय तो अपवाद. खाण्याचा सोडा पाण्यात घातला की सव्वाआठ-साडेआठ. पापडखारात सोडियम बायकार्बोनेटच्या जोडीला सोडियम कार्बोनेटही असतं, म्हणून त्याचं पाणी त्याहून बरंच वर चढतं. बोटांना ते बुळबुळीत लागतं, कारण आपल्याच कातडीवरच्या तेलाचा त्यात किंचित साबण होतो.

या बेचव, बुळबुळीत पदार्थाचं पापडात काम काय? उडदाच्या पिठातली प्रथिनं खारामुळे जास्त पाणी धरतात आणि पीठ चिवट, ताणलं जाणारं होतं. म्हणून तर लाटी कागदाइतकी पातळ लाटली तरी कडेला फाटत नाही. पापड भाजताना आत उरलेल्या ओलाव्याची वाफ होते, बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि पापडाला ते टपोरे फोड येतात. तिसरं काम रंगाचं. भाजलेल्या पदार्थाचा तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो साखर आणि अमिनो आम्लं यांच्या अभिक्रियेतून. मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. खारात ही अभिक्रिया सुसाट धावते. आत्याच्या सपाट चमच्यात पापड बदामी व्हायचा, माझ्या चमच्यात तो लाल झाला. कांदा परतताना चिमूटभर सोडा टाकला तर तो झटकन तांबूस होतो, त्यामागेही हेच. पण त्या कांद्याचा लगदा होतो आणि वासही बिघडतो. लासलगाव हाकेच्या अंतरावर असताना कांद्याला अशी वागणूक देऊ नये, असं माझं मत आहे.

हीच युक्ती जर्मनीतल्या बव्हेरियात ब्रेत्सेल नावाच्या पावावर करतात. गाठ मारलेला हा पाव भट्टीत जाण्याआधी कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात बुडवून काढतात. हो, तोच कॉस्टिक, जो आपण मोरी तुंबली की वापरतो. बेकरीवाले हातमोजे घालूनच ते काम करतात. भट्टीच्या उष्णतेत तो खार पिठाशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन संपतो, आणि मागे राहते ती चकचकीत, गडद तपकिरी साल. जपानच्या रामेनमध्ये तोच खार दुसऱ्या कामाला लावलेला दिसतो. त्या शेवयांच्या पिठात कान्सुई घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट यांचं मिश्रण. गव्हातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवट करणारं प्रथिन, त्यानं आवळलं जातं, शेवई गरम रश्श्यात पडली तरी दाताखाली कणखर राहते. पिठातली फ्लेव्होनॉइड्स नावाची रंगहीन द्रव्यं खारात पिवळी होतात. त्यामुळे रामेन अंडं न घालताही पिवळं दिसतं.

हा खार पहिल्यांदा आला असणार चुलीतून. लाकडाची राख पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी काढलं की त्यात पोटॅशियम कार्बोनेट उतरतं. 'पोटॅश' या शब्दातच भांडं आणि राख आहे, आणि 'अल्कली' अरबीतून आला तोही वनस्पतीच्या राखेवरूनच. आसामात अजूनही केळीच्या वाळवलेल्या साली जाळून त्या राखेचं पाणी गाळतात. त्याला कोलाखार म्हणतात. त्यात कच्ची पपई, डाळ असं काहीबाही शिजवतात, त्या पदार्थाचंच नाव खार, आणि तो जेवणात पहिला वाढतात. आसामी माणसं स्वतःला कौतुकानं 'खारखोवा', खार खाणारे, म्हणवून घेतात. आपल्याकडे जो खार पापडात लपून बसलाय, तो तिथे पानात पहिल्या मानाचा.

पण खाराची खरी मोठी गोष्ट घडली मेक्सिकोत. तिथले लोक निदान तीन हजार वर्षांपासून मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात आणि रात्रभर तसेच मुरू देतात. आपण विड्याच्या पानाला लावतो तोच हा चुना. सकाळी दाण्याची टरफलं बोटानं चोळली की सुटून येतात. मग ते दाणे धुऊन, वाटून त्याचं पीठ करायचं आणि तोर्तिया थापायच्या. अशा चुन्यात मुरलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या या शब्दाच्या पोटात पुन्हा राखच आहे. आपल्याकडे मक्याची भाकरी थापून बघा, काठ फाटत जातात, उचलताना जीव मुठीत. चुन्यात मुरलेल्या मक्याचं पीठ मात्र एकमेकाला धरून राहतं, कारण दाण्यातली हेमिसेल्युलोज नावाची सिमेंटसारखी द्रव्यं चुन्यात विरघळून पिठाला चिकटपणा देतात.

कोलंबसानंतर मका युरोपात गेला. दाणे गेले, चुना मेक्सिकोतच राहिला. गिरण्यांत मका नुसता दळता येतो, मग उकळत कोण बसणार? मका स्वस्त, भरघोस पिकणारा. गरिबाच्या ताटात दुसरं काही उरलं नाही. 1735 मध्ये स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याला शेतमजुरांत एक विचित्र रोग दिसला. उन्हाला उघडी पडणारी कातडी लाल होऊन खरबरीत व्हायची, मग हगवण लागायची, मग भ्रम आणि शेवटी मृत्यू. इटलीत त्याला पेलाग्रा नाव मिळालं, म्हणजे खरबरीत कातडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याची मोठी साथ पसरली आणि काही दशकांत लाखाच्या आसपास माणसं दगावली.

सगळ्यांना वाटत होतं हा संसर्ग आहे. 1914 मध्ये सरकारनं जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासाला पाठवलं. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली: अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांना पेलाग्रा होतो, पण त्यांच्यात दिवसरात्र वावरणाऱ्या नोकरांना होत नाही. असा कसा संसर्ग? नोकरांच्या ताटात दूध, मांस असायचं, रुग्णांच्या ताटात मका. लोकांना ते पटेना. तेव्हा गोल्डबर्गरनं, त्याच्या पत्नीनं आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं. रुग्णांच्या कातडीचे पापुद्रे आणि मलमूत्र पिठात कालवून त्याच्या गोळ्याही गोल्डबर्गरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गिळल्या. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. तरी अन्नात नेमकं काय कमी आहे हे कळायला 1937 उजाडलं. कॉनराड एल्व्हेजेम या अमेरिकन शास्त्रज्ञानं ते नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, असल्याचं दाखवलं. गोल्डबर्गर 1929 मध्येच गेला होता.

गंमत, म्हणजे खरं तर शोकांतिका, अशी की मक्यात नायसिन असतं. पण ते दाण्यातल्या दुसऱ्या रेणूंशी असं घट्ट बांधलेलं असतं की आपलं आतडं ते सोडवू शकत नाही. चुना नेमका तोच बंध तोडतो. मेक्सिकोच्या बायका पाट्यावर मका वाटत होत्या तेव्हा ना जीवनसत्त्व हा शब्द होता, ना पीएच. टरफल सुटतं आणि भाकरी फाटत नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

म्हणून दिसेल त्यात सोडा टाकत सुटावं असं मात्र नाही. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा घट्ट धरून ठेवणाऱ्या द्रव्याला, बांधून टाकतं. चिमूटभर सोड्यानं ती पटकन मऊ होते हे खरं, पण खारात शिजताना थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, नष्ट होतं. रोजच्या वरणात ते परवडणारं नाही. डाळ आदल्या रात्री भिजवावी. पालेभाजी हिरवीगार दिसावी म्हणून सोडा घालणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. मक्यात खारानं जीवनसत्त्व मोकळं केलं, वरणात तोच ते मारतो. पापड आपण एखादाच खातो, मिसळीच्या ताटातला धरून दोन. त्यात फारसं बिघडत नाही.

घरी खार ओळखायचा सोपा उपाय हळद. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो कुंकवासारखा लाल होतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. हळदीतलं कुर्कुमिन खारात रंग बदलतं. काळ्या द्राक्षांच्या सालींचा रसही चालतो. लिंबू पिळलं की तो गुलाबी होतो, सोडा टाकला की निळसर हिरवट. नाशिकात फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांना तोटा नाही, लहान मुलांना हे जरूर करून दाखवा.

यंदा मी हळदीच्या पाण्यात कागद बुडवून, वाळवून पट्ट्या केल्या आणि आत्याकडे गेलो. रविवार कारंज्यावरून आणलेला पापडखार तिनं अंदाजानं पाण्यात विरघळवला. मी पट्टी बुडवली, ती गडद लाल झाली. आत्यानं बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. म्हणाली, "कडक झालाय, अजून वाटीभर पाणी घाल." घातलं. पुन्हा पट्टी बुडवली, तीही तशीच गडद लाल. बरोबरच होतं ते. हळद एकदा पूर्ण लाल झाली की पुढचं तिला काही सांगता येत नाही, आणि अशा कार्बोनेटच्या पाण्यात वाटीभर पाणी वाढवलं तर पीएच जेमतेम हलतो. बदलतं ते खाराचं एकूण प्रमाण, आणि ते माझ्या पट्टीला कळत नव्हतं.

आत्यानं पुन्हा बोट जिभेला लावलं, मान डोलावली, आणि पाणी पिठात ओतलं.