मेन रोडखालच्या लाइन बदलतायत? काँक्रीट पडायच्या आधी सोसायटीने आणि दुकानदाराने करायचे अर्ज (ठाणे-नवी मुंबई)

तुमच्या मेन रोडवर बॅरिकेड लागलेत, जेसीबी येऊन उभा राहिलाय आणि बोर्डावर जलवाहिनी, मलवाहिनी बदलण्याचं काम असं लिहिलंय, तर हे आत्ताच वाचा आणि कमिटीच्या ग्रुपवर टाका. बहुतेकांना वाटतं की पालिका लाइन बदलतेय म्हणजे आपलंही त्यात आपोआप होणार. तसं नसतं. ठेकेदाराच्या कामात साधारणपणे असते ती रस्त्यातली मोठी लाइन, आणि तुमचं जुनं कनेक्शन जसं होतं तसंच त्या नव्या लाइनला जोडून देणं. मोठ्या लाइनपासून तुमच्या मीटरपर्यंत येणारा पाइप, म्हणजे सर्व्हिस लाइन, ती ग्राहकाची, ती बदलायची तर अर्ज ग्राहकाने करायचा आणि खर्चही ग्राहकाने. पंचवीस-तीस वर्षं जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप कधी कापलेला बघा, बाहेरून दीड इंची दिसतो पण आत गंजाच्या गाठी बसून जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट उरलेली असते. आता समोर नवीकोरी लाइन टाकली आणि पाणी आलं याच पाइपातून, तर तुमच्या टाकीत काय फरक पडणार?

आणि ही संधी परत लवकर येत नाही. एकदा काँक्रीट झालं की रस्ता दोषदायित्व कालावधीत जातो, म्हणजे त्यातली खराबी ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, आणि त्या काळात खोदाईची परवानगी मिळवणं फार जिकिरीचं, मिळालीच तर पुनःस्थापनेचे, म्हणजे खोदलेला रस्ता पूर्ववत करण्याचे, पैसे जबर. आमच्या समोरच्या बिल्डिंगने नंतर बघू म्हणून सोडून दिलं, आज त्यांच्या वरच्या दोन मजल्यांवर दुपारी पाणी चढत नाही आणि कोणीतरी सुचवलं की मीटरच्या पुढे पंप लावा. तो थेट लाइनला लावलेला पंप बेकायदेशीर तर आहेच, पण तो शेजारच्या गळक्या जॉइंटमधून घाण पाणी पण ओढतो, त्यामुळे कृपया कोणी तसं करू नका.

आधी रस्ता कोणाचा आणि पाइप कोणाचा ते बघा

ठाण्यात पाणी, मलनिःसारण आणि पावसाळी गटार तिन्ही महापालिकेचं, पण विभाग वेगवेगळे, एका टेबलावर दिलेला कागद दुसऱ्या टेबलावर आपोआप जात नाही. सुरुवात तुमच्या प्रभाग समितीच्या ऑफिसातून करा, म्हणजे राममारुती रोड, गोखले रोडवाल्यांनी नौपाडा-कोपरी, कळव्यावाल्यांनी कळवा, असं. नवी मुंबईत विभाग कार्यालयं आहेत, बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) एमआयडीसी पट्ट्यातल्या प्लॉटचं पाणी एमआयडीसीकडून, तिथे पालिकेत अर्ज देऊन वेळ घालवू नका. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत पण पाण्यासाठी आधी सिडकोच्या पाणीपुरवठा विभागात विचारून घ्या, आणि उलवे तर सिडकोच. वीज महावितरणची, फक्त कळवा, मुंब्रा, शीळ भागात २०२० पासून टोरंट फ्रँचायझी आहे. गॅसची पाइपलाइन महानगर गॅसची. यातलं कोणीही दुसऱ्याच्या वतीने अर्ज घेत नाही, म्हणून तिघांची पत्रं तीन आणि तिघांच्या पोचपावत्या पण तीन.

अर्ज कोण करू शकतं

नोंदणीकृत सोसायटी असेल तर सोसायटीच्या नावाने, सचिव किंवा अध्यक्ष यांच्या सहीने. सोसायटी अजून झाली नसेल तर बिल्डरच्या नावाने, म्हणजे त्याच्या मागे लागायची तयारी ठेवा. पागडीच्या बिल्डिंगमधे मालकाची सही लागते, मालक दाद देत नसेल तर भाडेकरूंनी सगळ्यांच्या सह्यांचं पत्र, भाडेपावत्या आणि पाण्याची जुनी बिलं घेऊन पाणी विभागाच्या इंजिनिअरला आधी प्रत्यक्ष भेटावं, अर्ज भरून नंतर नाकारून घेण्यापेक्षा ते बरं. खालच्या दुकानदाराला सोसायटीच्या लाइनमधून पाणी मिळत असेल तर त्याला वेगळं काही करायचं नाही, पण हॉटेल, लाँड्री, डेंटल क्लिनिक असं काही असेल तर वेगळं बिगरघरगुती कनेक्शन आणि त्याचा वेगळा दर. चोरून घरगुती लाइनवर चालवलं तर कारवाई पूर्ण सोसायटीवर येते.

सगळ्यात मोठी अट थकबाकीची. मालमत्ता कर आणि पाणीबिल दोन्ही चुकतं केलेलं हवं. ते नसेल तर फाइल पुढे सरकत नाही, मग बाकीचे कागद कितीही चोख असू द्या.

कागदपत्रं

चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती, शेवटचं पाणीबिल आणि भरल्याची पावती, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशाची प्रत, सही करणाऱ्याचं आधार आणि पॅन, परवानाधारक प्लंबरचं पत्र त्याच्या लायसन्सच्या झेरॉक्ससकट, आणि एक साधा हाताने काढलेला नकाशा ज्यात रस्ता, गेट, मीटर, जमिनीखालची टाकी आणि लाइन कुठून येते ते दाखवलंय. याशिवाय हमीपत्र, ते साध्या कागदावर चालतं की स्टॅम्प पेपरवर हवं आणि किती रुपयांच्या, ते काउंटरवर विचारूनच करा. चरई, खारकर आळीसारख्या जुन्या भागात भोगवटा प्रमाणपत्र सापडत नाही अशा कितीतरी बिल्डिंगा आहेत, त्यांनी कर आकारणीचा उतारा आणि जितक्या जुन्या मिळतील तितक्या कराच्या पावत्या गोळा करून ठेवाव्यात. नवी मुंबईत गावठाणातल्या घरांनाही तेच सांगेन.

ठराव मात्र नीट लिहा, इथे खूप फाइली अडकतात. "पाण्याच्या कामाला मंजुरी" असा मोघम ठराव चालत नाही. असं लिहा: "संस्थेची जुनी जी. आय. सर्व्हिस लाइन बदलून घेणे, आवश्यकतेनुसार पाणी जोडणीचा व्यास वाढवणे आणि मलनिःसारण जोडणी नवीन मलवाहिनीस जोडून घेणे यासाठी महानगरपालिकेकडे अर्ज करणे, शुल्क भरणे व कागदपत्रांवर सह्या करणे याचे अधिकार सचिव यांना देण्यात येत आहेत." खाली सूचक, अनुमोदक, सभेची तारीख, सोसायटीचा शिक्का. खर्च कमिटीच्या मर्यादेबाहेर जात असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि सभेच्या नोटिशीला दिवस जातात म्हणून ही गोष्ट पहिली करा.

व्यास वाढवून मागायचा का?

सरसकट नाही, आधी हिशोब करा. शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे नेहमीचं प्रमाण धरतात. समजा ४० फ्लॅट आणि घरटी ५ माणसं, म्हणजे २०० माणसं, म्हणजे रोजचे २७,००० लिटर. एक युनिट म्हणजे १,००० लिटर, तर दिवसाला २७ युनिट आणि तीन महिन्यांच्या बिलात साधारण २,४३० युनिट दिसायला हवेत. आता तुमच्या बिलावरचं रीडिंग बघा. ते याच्या खूप खाली असेल आणि टँकर मागवावे लागत असतील तर तुमची मागणी रास्त आहे, हाच हिशोब अर्जाला जोडा, इंजिनिअरला आकडे दिसले की बोलणं सोपं होतं. रीडिंग याच्या वर असेल तर पाणी पुरेसं येतंय पण कुठेतरी गळतंय, जमिनीखालची टाकी, फ्लोट व्हॉल्व्ह तपासा, मोठा पाइप घेऊन बिलच वाढेल. आणि पाणी दिवसातून ठराविकच वेळ येतं अशा भागात प्रेशर आणि तास दोन्ही बघावे लागतात, नुसत्या जाड पाइपाने भागत नाही.

अर्ज दिल्यावर काय होतं

नागरी सुविधा केंद्रात किंवा पालिकेच्या वेबसाइटवर अर्ज, तिथून टोकन नंबर. मग ज्युनिअर इंजिनिअर जागेवर येऊन पाहणी करतो, त्या दिवशी प्लंबरला हजर ठेवा. मग डिमांड, म्हणजे पैसे भरायची नोटीस, येते, त्यात जोडणी शुल्क, अनामत आणि रस्ता पुनःस्थापनेचे पैसे असे वेगवेगळे आकडे असतात. पुनःस्थापनेचा आकडा चौरस मीटरवर निघतो आणि डांबरी, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक यांचे दर वेगळे, म्हणून लांबी-रुंदी स्वतः टेपने मोजून ताडून बघा. महत्त्वाचं म्हणजे, ठेकेदाराचा चर आधीच उघडा असेल तर अर्जातच लिहा की "सदर काम सुरू असलेल्या खोदाईतच करून द्यावे, स्वतंत्र खोदाई करावी लागणार नाही". मान्य झालं तर ते लेखी घ्या, साइटवरच्या सुपरवायझरच्या तोंडी हो वर जाऊ नका. वेगळी खोदाई लागलीच तर रस्ता खोदाई परवानगी आणि वर्दळीच्या रस्त्यावर वाहतूक पोलिसांचा ना हरकत दाखला, ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे पोलीस आयुक्तालयं वेगळी आहेत. पावसाळ्यात खोदाई बंद असते, त्यामुळे मार्च उजाडायच्या आत डिमांड भरून झालेली असली तर काम मे संपायच्या आत उरकतं.

गटाराच्या जोडणीत लोक फार कमी लक्ष देतात. तुमच्या आवारातल्या शेवटच्या चेंबरचं झाकण उघडून वरून काठी टाकून तळाची खोली मोजा आणि तो आकडा अर्जात लिहा. नवी मलवाहिनी तुमच्या चेंबरच्या तळापेक्षा वर बसली तर उतार मिळणार नाही आणि सगळं उलटं तुमच्याच कंपाउंडमधे येईल, हे लाइन टाकायच्या आधी सांगितलं तरच काहीतरी करता येतं. गच्चीचं पावसाचं पाणी मलवाहिनीत सोडू नका, ते पावसाळी गटाराला. सेप्टिक टँक बंद करणार असाल तर तो अधिकृत सक्शन टँकरने रिकामा करून घ्या. आत माणूस उतरवायचा नाही, २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीला एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन कामगार गुदमरून गेले. कोणी कितीही कमी पैशात करून देतो म्हणाला तरी नाही म्हणा.

विजेचा लोड वाढवायचा असेल, लिफ्ट किंवा ईव्ही चार्जिंगसाठी, तर तो अर्ज पण याच सुमारास द्या, शेवटचं बिल, मालकीचा कागद, ठराव आणि परवानाधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जोडून. चरात काम चालू असताना वॉचमनला सांगून ठेवा, पिवळा किंवा केशरी पाइप दिसला तर तो बहुधा गॅसचा, निळ्या पट्ट्यांचा काळा पाइप पाण्याचा, आणि वाळूवर विटा किंवा फरशा रचलेल्या दिसल्या की खाली विजेची केबल. गॅसचा वास आला तर काम थांबवायचं, कोणी सिगरेट नाही, स्विच नाही, आणि गॅसबिलावरच्या इमर्जन्सी नंबरला फोन. मोठी खोदाई करणाऱ्या एजन्सीने आधी सगळ्यांना कळवावं म्हणून केंद्र सरकारने २०२३ मधे "कॉल बिफोर यू डिग" अ‍ॅप काढलंय, तुमच्या ठेकेदाराने त्यावर नोंद केली का ते बिनधास्त विचारा.

अर्ज पडून राहिला तर

नळजोडणी आणि मलनिःसारण जोडणी या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालच्या सेवा आहेत. किती दिवसांत द्यायची आणि अपील कोणाकडे, हे ऑफिसात बोर्डावर लावणं बंधनकारक आहे, त्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा. मुदत संपली किंवा अर्ज नाकारला की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर केलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज दिल्याच्या तारखेपासून, म्हणून "कागद कमी आहे" असं तोंडी सांगितलं तर कोणता ते लिहून मागा. रस्त्याच्या कामाचा नकाशा, कार्यादेश (वर्क ऑर्डर), दोषदायित्व कालावधी किती, हे कोणी सांगत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये फी भरून मागता येतं, उत्तराची मुदत ३० दिवस.

काम झाल्यावर चर बुजवायच्या आधी गेटच्या खांबापासून पाइपापर्यंत टेप धरून फोटो काढा, खोलीचा वेगळा. पहिलं पाणी टाकीत घेऊ नका, गढूळपणा जाईपर्यंत सोडून द्या, मग नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासून घ्या, पिण्याच्या पाण्याच्या मानकात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, पालिकेकडे तपासणीसाठी अर्ज देता येतो. आणि जुनं कनेक्शन बंद केल्याचं पत्र, जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि सील नंबरसह, इंजिनिअरच्या सहीने घ्या, ते बिल विभागात स्वतः नेऊन द्या, कारण हे न दिल्यामुळे एकाच बिल्डिंगला दोन मीटरची बिलं येत राहतात आणि ती रद्द करायला पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो.