नांगर अडला तिथे प्रेअरी उरली

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँकलिन ग्रोव्ह गावाजवळ वालुकाश्माची टेकाडं आहेत. फाळ दगडावर आपटायचा, म्हणून ती कुणी नांगरली नाहीत. भोवतालच्या सपाटीवर मका आणि सोयाबीन आलं; टेकाडांवर मात्र प्रेअरीचं, म्हणजे इथल्या विस्तीर्ण गवताळ मैदानाचं, मूळ गवत आणि त्यातली रानफुलं तगून राहिली. १९८६ मध्ये 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेनं इथली जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. आज हे 'नचूसा ग्रासलँड्स' सुमारे ४,००० एकरांवर पसरलं आहे.

इथून जवळच, ग्रँड डिटूर गावात, जॉन डिअर या लोहारानं १८३७ मध्ये पोलादी नांगर घडवला होता. प्रेअरीची चिकट काळी माती आधीच्या लोखंडी नांगरांना लगडून बसायची. गुळगुळीत पोलादावरून ती सहज घसरू लागली. इलिनॉयमध्ये तेव्हा सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. आज चांगल्या स्थितीतली मूळ प्रेअरी दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर उरली आहे, तीही जुन्या दफनभूमींत, रेल्वे रुळांच्या कडेला किंवा अशा खडकाळ जागी.

पण जमीन घेतली, कुंपण घातलं, की कुरण वाचलं असं होत नाही. इथे पाऊस पुरेसा पडतो. नुसतं सोडून दिलं तर काही वर्षांत झुडपं माजतात, मग झाडं येतात आणि सावलीत गवत मरतं. झाड वाढणं म्हणजे चांगलंच, अशी आपली धारणा असते. प्रेअरीत ती घातक ठरते. पूर्वी इथले मूलनिवासी ठरवून वणवे लावत. गवताचा कोंब फुटतो तो जमिनीलगत किंवा मातीखाली, आणि बिग ब्ल्यूस्टेमसारख्या गवताची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. त्यामुळे आग वरचं वाळकं गवत खाऊन पुढे जाते, झुडपांचे शेंडे जळतात आणि उघड्या पडलेल्या काळ्या मातीला ऊन मिळून नवं गवत जोमानं फुटतं. आता हे जाळण्याचं काम प्रशिक्षित माणसं वारा आणि हवेतला ओलावा पाहून करतात. त्यांत स्वयंसेवकही असतात.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बियांचं काम. मक्याच्या जुन्या शेतात प्रेअरी परत आणायची तर शेकडो जातींचं बी लागतं, आणि त्यातलं बरंचसं बाजारात मिळत नाही. स्वयंसेवक उन्हाळ्यापासून पानगळीपर्यंत ते हातानं खुडतात, वाळवतात, मळतात आणि कोरड्या-ओल्या जमिनीनुसार त्याची मिश्रणं करतात. पेरणी बहुधा थंडीच्या तोंडावर होते, कारण यातल्या पुष्कळ बियांना ओलसर मातीत एक हिवाळा काढल्याशिवाय जाग येत नाही. मिश्रणात वूड बेटनीसारखी अर्धपरजीवी, म्हणजे काही अन्न दुसऱ्या झाडांच्या मुळांतून ओढणारी, वनस्पतीही असते. आपल्याकडे ज्वारीच्या मुळांतून रस ओढणारा टारफुला याच कुळातला. शेतात तो वैरी. इथे मात्र त्याची ही भाऊबंद माजलेल्या गवताचा जोर कमी करते आणि फुलझाडांना जागा करून देते. २०१४ च्या ऑक्टोबरात आयोवा राज्यातून आणलेले बायसन, म्हणजे अमेरिकी रानगवेही, तेच करतात: ते मुख्यतः गवत चरतात, फुलझाडं बरीचशी सोडून देतात.

कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्स या टेकड्यांमध्येही गारगोटीनं नांगर अडवला, म्हणून तिथे उंच गवताची प्रेअरी मोठ्या सलग पट्ट्यात टिकली. तिथे बरीच जमीन खासगी आहे. काही मालक गुरं चारत राहतात, पण ती जमीन नांगरण्याचा किंवा तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क करार करून कायमचा सोडून देतात. जमीन विकली तरी तो करार नव्या मालकावर बंधनकारक राहतो.

नचूसात काही स्वयंसेवक एकेक तुकडा स्वतःकडे घेऊन वर्षानुवर्षं सांभाळतात. बाहेरून आलेल्या स्वीट क्लोव्हर या तणाचं बी मातीत कित्येक दशकं जिवंत राहतं, आणि आगीनंतर ते उलट जास्तच उगवतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात, त्याला बी धरण्याआधी, ही माणसं ओळीनं गवतात शिरतात आणि एकेक रोप मुळासकट उपटतात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच तुकड्यात.